गोधडीवर नाव लिहा

आपल्यातल्या काही पोरांचं म्हणणं आहे, गोधडी ही गुलामीची खूण आहे. बाबासाहेबांनी लाचारीच्या खुणा टाकायला सांगितल्या आणि तुम्ही चिंध्यांचे गोडवे गाता? दुसरी काही पोरं शहरातल्या गॅलऱ्या बघून आलीत. ती म्हणतात, आता गोधडी म्हणजे कला झाली, भिंतीवर टांगतात, आपण अभिमान बाळगावा. मला दोघांचंही पुरतं पटत नाही. म्हणून हे लिहितोय. मी इतिहासाचा प्रोफेसर नाही. सूतगिरणीत रिंगखात्यात कामाला आहे, रात्रपाळी असली की दिवसा वाचतो. पण कापूस, सूत आणि चिंधी यांच्याबद्दल बोलायचा हक्क प्रोफेसराइतकाच मलाही आहे.

आधी आपल्या चिंधीचा हिशेब मांडू. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात हुकूम आहे की चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं नेसावीत. गावगाड्यात हाच हुकूम महाराचा 'हक्क' म्हणून आला : मढ्यावरचं कापड. हक्क म्हणे! गावाने टाकलेलं, प्रेतावरून ओढलेलं कापड आपल्या घरात यायचं, धुतलं जायचं, नेसलं जायचं आणि नेसून विरलं की त्याची वाकळ व्हायची. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्या वाकळा शिवल्या त्यांच्यात हे कापडही होतं. हे लपवायचं कारण नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली, तेव्हा हा हुकूमही जळाला. त्याच परिषदेत बाबासाहेब आपल्या बायांशी वेगळं बोलले : जात सांगणारी नेसण टाका, जात सांगणारे दागिने टाका, स्वच्छ रहा. बायांनी ते ऐकलं आणि अंगावरची नेसण बदलली.

गिरणीतही कापडाने आपल्याला सोडलं नाही. मुंबईत १८५४ ला पहिली कापडगिरणी उभी राहिली, पुढे गिरणगाव झालं, आपली माणसं गाव सोडून तिथं गेली. पण विणाईखात्यात आपल्याला मज्जाव. का? तर धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडाने ओढून भोकातून काढावं लागायचं. अस्पृश्याच्या थुंकीने सूत बाटतं! पगार जास्त तो विणाईत, आणि आपण सूतकताईत नाहीतर झाडलोटीत. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढे रेटला : विणाईचं खातं आमच्यासाठी उघडा. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनाही मग तो विचारात घ्यावा लागला. म्हणजे बघा, कापड विणायचा अधिकार नाही, कापड मढ्यावरचं, आणि त्या कापडाचं जे काही आपल्या हाताने केलं, ती एकटी गोधडी. तिच्यावर नाव नाही.

आता कापसाच्याच वाटेने अमेरिकेला चला. ही वाट जुनीच आहे. तिथल्या दक्षिणेत काळ्या गुलामांनी वेचलेला कापूस विलायतेच्या गिरण्यांत जायचा. १८६१ ते १८६५ तिथं यादवी पेटली, तो कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला भाव चढला. मुंबईचे शेटजी त्यावर गबर झाले. काळा माणूस गुलामीतून सुटायला लढत होता तेव्हा इथं तिजोऱ्या भरत होत्या. हा धागा आपल्या इतिहासाच्या पुस्तकात 'तेजी' एवढ्या एका शब्दात उरकतात.

त्या गुलामीत १८३७ साली जन्मलेली एक बाई, हॅरिएट पॉवर्स. जॉर्जिया राज्यातली. तिने एका गोधडीवर अकरा चौकटी शिवल्या, बायबलातल्या गोष्टींच्या. १८८६ मध्ये अथेन्स गावच्या कापूस जत्रेत ती गोधडी मांडली होती. एका गोऱ्या चित्रकला शिक्षिकेने ती विकत मागितली, हॅरिएटने दिली नाही. चारपाच वर्षांनी घरात ओढगस्त आली तेव्हा तिनेच ती विकायला नेली. दहा डॉलर मागितले, पाच मिळाले. पण द्यायच्या आधी तिने चौकटी-चौकटीचा अर्थ सांगितला आणि त्या शिक्षिकेने तो लिहून घेतला. पुढे आपलं लेकरू बघायला यावं तशी ती गोधडी बघायला येत राहिली. आज ती गोधडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तिच्याबरोबर बाईचं नाव आहे, कारण बाईने तोंड उघडलं आणि समोरच्याने लिहून ठेवलं. किती जणींचं कुणी लिहिलंच नाही!

आता अलाबामा राज्य, विल्कॉक्स काउंटी. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. नदीच्या वळणात तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेलं गाव, गीज बेंड. १८४५ मध्ये ही कापसाची जमीन पेटवे नावाच्या मालकाकडे आली. तो नॉर्थ कॅरोलायनाहून आपल्या गुलामांना पायी चालवत घेऊन आला. गुलामी गेली, मालकाचं आडनाव राहिलं. आजही गावात जिकडेतिकडे पेटवे. १९३२ मध्ये उधारीच्या वसुलीसाठी एका मेलेल्या व्यापाऱ्याच्या घरच्यांनी गावावर धाड घातली आणि जनावरं, अवजारं, दाणागोटा सगळं उचलून नेलं. अशा गावातल्या फटीफटीच्या लाकडी घरांत थंडी निवारायला बाया गोधड्या शिवत होत्या. कामाच्या फाटक्या पँटी, पिठाची पोती, जे मिळेल ते.

१९४२ मध्ये तिथल्या मिसूरी पेटवे या बाईचा नवरा मेला. तिने त्याचे शेतात घालायचे कपडे काढले, पट्ट्या फाडल्या आणि गोधडी शिवली. त्याची आठवण म्हणून, आणि त्याच्याच कपड्याखाली निजावं म्हणून. मित्रांनो, इथं मी वाचता वाचता थांबलो. हेसुद्धा मेलेल्या माणसाचं कापड. पण मनूने लादलेलं नव्हे, प्रेमाने पांघरलेलं. कापड तेच, हुकूम कुणाचा यावर सगळं ठरतं. बाबासाहेबांनी हुकूम फेकून द्यायला सांगितला. आईची सुई फेकून द्यायला नाही सांगितलं.

पुढचं आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे. १९६५ च्या सुरुवातीला विल्कॉक्स काउंटीत काळ्यांची वस्ती निम्म्याहून किती जास्त, पण मतदारयादीत काळं माणूस एकही नाही. १९६२ मध्ये गीज बेंडची नावच बंद केली होती, पलीकडच्या गावी जाऊन नाव नोंदवू नये म्हणून. फेब्रुवारी १९६५ मध्ये मार्टिन लूथर किंग तिथं आले. जे मतासाठी उभे राहिले त्यांना गोऱ्या मालकांनी घराजमिनीवरून हुसकलं. अशा छळाच्या नोंदी घेत फिरणाऱ्या फ्रान्सिस वॉल्टर या पाद्र्याला एका घराबाहेर दोरीवर गोधड्या दिसल्या. मार्च १९६६ मध्ये बायांनी आपली सहकारी संस्था काढली, 'फ्रीडम क्विल्टिंग बी'. मराठीत म्हणा, मुक्तीचं गोधडी मंडळ. न्यूयॉर्कात लिलाव झाले, मोठ्या दुकानांची कामं मिळाली, संस्थेने जमीन घेतली आणि हुसकलेल्या काही कुटुंबांना त्यातले तुकडे घरासाठी दिले. गोधडीतून जमीन आली! ही संस्था २०१२ पर्यंत चालली.

आणि ऐका, विल्कॉक्सला लागूनच लाउंड्स काउंटी आहे. तिथंही तीच गत होती. तिथल्या काळ्यांनी आपला स्वतंत्र पक्ष काढला आणि मतपत्रिकेवर निशाणी घेतली काळ्या चित्त्याची. साल तेच, १९६६. त्याच वर्षी ऑक्टोबरात ओकलंडच्या पोरांनी ती निशाणी नि नाव उचललं आणि ब्लॅक पँथर पक्ष झाला. १९७२ मध्ये मुंबईत आपले दलित पँथर उभे राहिले ते त्याच नावाने. म्हणजे आपल्या पँथरचं मूळ गाव आणि गोधडी मंडळाचं गाव शेजारी-शेजारी. चित्त्याची डरकाळी आपल्याकडे आली, सुई मागे राहिली. नावं पुरुषांची आली, बायांची आली नाहीत. याचाही विचार चळवळीने करावा.

सप्टेंबर २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात गीज बेंडच्या गोधड्यांचं प्रदर्शन लागलं, मग न्यूयॉर्कच्या व्हिटनीमध्ये. मोठमोठे समीक्षक म्हणाले, ही आधुनिक कला आहे. २००६ मध्ये टपालाची तिकिटं निघाली. गोधड्यांची किंमत हजारो डॉलरांवर गेली. पण २००७ मध्ये ॲनी मे यंग, लोरेटा पेटवे आणि आणखी एक बाई कोर्टात गेल्या. आमच्या कामाचे पैसे आम्हाला नीट मिळाले नाहीत, असा त्यांचा दावा. २००८ मध्ये तडजोड झाली. गॅलरीवर खूश होणाऱ्या आपल्या पोरांनी हे साल पाठ करावं. नाव मिळालं तरी हिशेब मागावाच लागतो. आणि त्या बायांचं पुढचं पाऊल बघा : २०२२ पासून ऑक्टोबर महिन्यात गीज बेंडमध्येच गोधड्या दोऱ्यांवर टांगतात. गावाचं प्रदर्शन गावात. शिवणारी शेजारी उभी, भाव तीच सांगणार.

मी अलीकडे दोन प्रदर्शनं पाहिली. एक शहरात, थंडगार हॉलमध्ये. पांढऱ्या भिंतीवर वाकळ, वर दिव्याचा झोत, खाली चिठ्ठी : 'पारंपरिक गोधडी, कारागीर अज्ञात.' जमवणाऱ्याचं नाव मात्र ठळक. अज्ञात कशी? ती कुणाच्या तरी घरातून आणली ना? घर विचारलं, नाव नाही विचारलं? दुसरं आमच्या वस्तीत, विहाराच्या पटांगणात. बचत गटाच्या बायांनी बांबूला दोऱ्या बांधून सतरा गोधड्या टांगल्या होत्या. एकीने मुलाच्या शाळेच्या गणवेशाचे चौकोन लावलेले, एकीने नवऱ्याचा गिरणीतला खाकी शर्ट मधोमध ठेवलेला. बाया एकमेकींच्या गोधड्या उलट्या करून टाका तपासत होत्या. "हे बघ सखूबाई, तुझा धावदोरा इथं वाकडा गेला." "वाकडा गेला तर जाऊ दे, रात्री लाइट गेल्ती." असली समीक्षा त्या हॉलमध्ये ऐकायला मिळाली नाही. पण नावं इथंही लिहिलेली नव्हती. सगळ्यांना माहीत आहे मग कशाला लिहायचं, असं त्या म्हणाल्या. हेच हॅरिएटच्या गावातही म्हणत असतील.

आपल्या शेजारी उत्तर कन्नडच्या जंगलात सिद्दी राहतात. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांची ही लेकरं. त्यांच्या बायाही गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं धरत नाहीत. आपल्या गोधडीलाही आता एक कोपरा पुरा करायचा आहे.

तर कार्यकर्ते पोरांनो, काम सांगतो. येत्या १४ एप्रिलला आपापल्या वस्तीत दोऱ्या बांधा आणि गोधड्या टांगा. आधी शिवणारीजवळ वही घेऊन बसा. तिचं नाव, माहेरचं गाव, शिवल्याचं साल, कुठला तुकडा कुणाच्या कपड्याचा, सगळं तिच्या शब्दांत उतरवा. मढ्याचं कापड असेल तर तेही लिहा. मग कोपऱ्यात सुईनेच तिचं नाव काढायला सांगा. तिला अक्षर येत नसेल तर तुम्ही खडूने काढून द्या, टाका तिचा पडू दे. गोधडी विकायची की नाही आणि केवढ्याला, ते ती ठरवील.