साक्षीदार ताऱ्याची कुळकथा

जो तारा स्वतःच्या प्रकाशालाही बाहेर पडू देत नाही, त्याचे अस्तित्व त्याच्याभोवती फिरणाऱ्या तेजस्वी सोबत्याच्या गतीवरून ताडता येईल, हा विचार यॉर्कशरमधील थॉर्नहिलचे धर्मोपदेशक जॉन मिचेल यांनी १७८३ साली शास्त्रज्ञ कॅव्हेंडिश यांना लिहिलेल्या पत्रात नमूद केला. आणि १८०० साली विल्यम हर्शेल यांनी, तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तेथे, उष्णतामापकाचा पारा चढलेला पाहून अवरक्त किरणांची वार्ता जगाला दिली. मिचेल निवर्तल्यावर त्यांची दुर्बीण हर्शेल यांनीच विकत घेतली होती. परंतु या दोन विचारांची सोयरीक जुळण्यास जवळजवळ दोन शतके लोटावी लागली.

हंस तारकासमूहातील व्ही ४०४ हा तारा १९३८ साली नवतारा म्हणून दप्तरी दाखल झाला होता. १९८९ मध्ये जपानच्या गिंगा उपग्रहाला तेथूनच क्ष-किरणांचा उद्रेक दिसला, आणि १९९२ साली कासारेस, चार्ल्स व नेलर यांनी साडेसहा दिवसांत प्रदक्षिणा घालणाऱ्या सोबत्याच्या वेगावरून अदृश्य घटकाचे, म्हणजे कृष्णविवराचे, वस्तुमान किमान सहा सूर्यांइतके ठरवले. अडचण होती ती या ‘किमान’ शब्दात, कारण कक्षा किती कललेली आहे हे केवळ वेगावरून कळत नाही. येथे सोबत्याचा आकारच साक्षीला उभा राहिला, आणि मला या शास्त्राचे खरे बुद्धिवैभव येथेच दिसते: कृष्णविवराच्या ओढीने ओघळत्या थेंबासारखा लांबट झालेला तो तारा एका फेऱ्यात दोनदा रुंद कूस व दोनदा निमुळते अंग दाखवतो, त्याचे तेज तसेच दोनदा चढते नि उतरते, आणि कक्षा जितकी कडेने दिसेल तितका हा चढउतार मोठा. दृश्य प्रकाशात कृष्णविवराभोवतीच्या तप्त वायूच्या तबकडीची झळाळी ही साक्ष बिघडवते. थंड, नारिंगी तारा अवरक्तात तुलनेने ठळक उरतो. अशा निरीक्षणांवरून १९९४ साली वस्तुमान बारा सूर्यांइतके निघाले. तबकडीचा अवरक्त हिस्साही वजा करून २०१० साली ते नऊवर आले.

गरुड तारकासमूहातील जीआरएस १९१५+१०५ या अशाच जोडीच्या बाबतीत तर दुसरा मार्गच नव्हता, कारण मधल्या धुळीत त्याचा दृश्य प्रकाश जवळजवळ संपूर्ण लोपतो. चिलीतील पारानाल येथील महादुर्बिणीने, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत, त्याच्या अवरक्त वर्णपटात कार्बन मोनॉक्साइडच्या शोषणपट्ट्या टिपल्या आणि साडेतेहतीस दिवसांच्या फेऱ्यात त्या मागेपुढे सरकताना पाहिल्या. धुळीआडचा तो सोबती एक थंड राक्षसी तारा होता.