तळं खुलं झालं, झऱ्याचं काय?

पाणी दोन जातीचं असतं. एक डोळ्याला दिसतं : नदी, ओढा, तळं. दुसरं जमिनीच्या पोटात. पाऊस उतारावरून वाहून गेला की नदीचा होतो, मुरला की भूजल होतो. देशावरचा दगड काळा कातळ. त्यात पाणी राहतं ते वरच्या मुरमात नि कातळाच्या फटीत. म्हणून एकाच शिवारात एक विहीर भरलेली, दुसरी ठणठणीत. पुस्तक एवढं सांगून थांबतं. पुढलं मी सांगतो.

महाडचं चवदार तळं. बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय, ते पावसाच्या वाहत्या पाण्यानं आणि नैसर्गिक झऱ्यांनी भरतं. म्हणजे वरचं आणि पोटातलं, दोन्ही पाणी एकाच तळ्यात नांदत होतं. त्यांना कुणी वेगळं बसवलं नाही. वेगळं बसवलं आपल्याला.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. नव्हे, सी. के. बोल्यांचे भाऊबंदही नव्हे, खुद्द रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव पास झाला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ त महाडच्या नगरपालिकेनंही ठराव केला. कागद खुला, तळं बंदच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब ओंजळभर पाणी प्याले, मागून हजारो प्याले. मग आपल्या माणसांची डोकी फुटली आणि १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही घालून तळं 'शुद्ध' झालं! नगरपालिकेनं ठराव मागं घेतला, प्रकरण कोर्टात गेलं. मार्च १९३७ त हायकोर्ट म्हणालं, सवर्णांची अनादि वहिवाट शाबीत होत नाही. एका ओंजळीला दहा वर्षं.

पण दोस्तांनो, हा निकाल दिसणाऱ्या पाण्याचा. पोटातल्या पाण्याचा कायदा आधीच लिहून झाला होता. १८८२ चा इझमेंट अ‍ॅक्ट सांगतो, जमिनीखाली ठराविक पाटानं न वाहणारं पाणी ज्याची जमीन त्यानं आपल्या हद्दीत घ्यावं. म्हंजे तळ्याला काठ असतो, तिथवर मोर्चा नेता येतो. झऱ्याला सातबारा असतो. आपल्या नावावर जमीन नाय, तर झरा कुठला?

माझी आजी १९७२ च्या दुष्काळाचं सांगायची. गावच्या विहिरीवर वरून कुणी ओतलं तर पाणी. म्हणून वाड्यातल्या बाया ओढ्याच्या वाळूत झिरा उकरायच्या. वाटीवाटीनं घागर भरायची. ते पाणी कुणाच्या बापाचं नव्हतं. मग काठावरच्या बागायतदारानं विहीर खोल केली, इंजिन बसवलं. चार दिवसांत झिरा आटला. वर कुणी अडवलं नाही, शिवी दिली नाही. खालून पाणी ओढून नेलं. तक्रार कुणाची करणार?

१९९३ ला राज्यानं कायदा केला : पिण्याच्या सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरात परवानगीशिवाय नवी विहीर नको. आजीचा झिरा कुठल्या कागदावर सार्वजनिक होता?

महाडला आपण काठापर्यंत पोचलो. आता कातळाच्या फटीपर्यंत जायचंय. तिथं पाणी बांध ओळखत नाही. बांध कायद्यानं घातलाय.