एम.डी.च्या आधीची वर्षे : बिरवाडीचा विंचू आणि एका प्रश्नाचा इतिहास

१/ सन १९७६. तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील महाड तालुका. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पंचविशीतला एक एमबीबीएस डॉक्टर रुजू झाला. पदव्युत्तर शिक्षण अजून व्हायचे होते. त्याआधीच्या या काळात त्याने जे पाहिले, त्यातून पुढे जगभरच्या विंचूदंशाच्या उपचारांना नवी दिशा मिळाली.

२/ हे डॉक्टर म्हणजे हिंमतराव साळुबा बावस्कर. जन्म १९५१, गाव देहेड, तालुका भोकरदन, आजचा जालना जिल्हा. मराठवाड्यातील गरीब शेतकरी कुटुंबातला हा मुलगा कष्टाची कामे करत शिकला आणि नागपूरहून एमबीबीएस झाला.

३/ विंचू मराठवाड्याला अपरिचित नाही. दगडी बांध, कडब्याच्या गंजी, पावसाळ्यापूर्वीचा उकाडा हे सारे देहेडला आहे, तसे बीड जिल्ह्यात सिंदफणेकाठच्या शिरूर कासारलाही आहे. परंतु कोकणातील लाल विंचवाचा दंश केवळ वेदना देऊन थांबत नसे. धडधाकट माणसे, विशेषतः लहान मुले, त्याने दगावत.

४/ बावस्कर रुग्णांच्या खाटेशेजारी बसून नोंदी ठेवू लागले. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब. पुढे धाप आणि फुफ्फुसात साठणारे पाणी. मृत्यू येत होता तो हृदय निकामी झाल्यामुळे.

५/ कारण असे : या विषामुळे शरीरातील स्वायत्त चेतासंस्था एकाएकी खवळते आणि अॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये प्रचंड प्रमाणात रक्तात उतरतात. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि त्या दाबाविरुद्ध झुंजता झुंजता हृदय थकते. त्या काळी सर्रास दिल्या जाणाऱ्या अँटिहिस्टामिन व स्टेरॉइड औषधांनी हा मूळ बिघाड दुरुस्त होत नसे.

६/ आता कालक्रमाकडे लक्ष द्यावे. बिरवाडीच्या अनुभवानंतर बावस्कर पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात एम.डी.साठी गेले. जाताना त्यांच्यापाशी एक नेमका प्रश्न होता : हे हृदय वाचवायचे कसे? औषधशास्त्र आणि हृदयविज्ञान शिकताना तो प्रश्न मनात जागा होता.

७/ १९८२ मध्ये लाल विंचवाच्या दंशातील हृदयविकाराच्या पूर्वलक्षणांवरचा त्यांचा निबंध ‘द लॅन्सेट’ने छापला. एम.डी. होऊन ते पुन्हा महाड-पोलादपूर परिसरात परतले. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध आकुंचित रक्तवाहिन्या सैल करते. बावस्करांनी ते विंचूदंशावर वापरले. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी हे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच मांडले. तीव्र दंशातील सुमारे ४० टक्के मृत्युप्रमाण १ टक्क्याच्या आसपास उतरले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

८/ एम.डी. आधी झाली असती, तर पुण्यात काय शोधायचे हे त्यांना ठाऊक नसते. एम.डी. झालीच नसती, तर बिरवाडीच्या नोंदी कदाचित नोंदीच राहिल्या असत्या. दोहोंचा क्रम जुळला, म्हणून उपाय सापडला.

९/ अमेरिकेत या क्रमाचे आज शास्त्र झाले आहे. रुग्णालयातच वास्तव्य करून शिकण्याची ‘रेसिडेन्सी’ १८८९ मध्ये उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आकाराला आली. तेथे चुरशीच्या शाखांकडे वळणारे अनेक विद्यार्थी तिसऱ्या आणि चौथ्या वर्षांच्या मध्ये एक ‘संशोधन वर्ष’ घेतात, कारण अर्ज सप्टेंबरात जातात आणि निबंध छापून यायला महिनोन्महिने लागतात. जानेवारी २०२२ पासून ‘स्टेप १’ परीक्षेचे गुण देणे बंद झाले आणि केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण उरले. मग निवडीत संशोधनासारख्या इतर बाबींचे वजन वाढले. त्यासोबत निबंधांची संख्या वाढवण्याचा मोहही वाढला.

१०/ भारतात चित्र उलट आहे. ‘नीट-पीजी’च्या गुणवत्ता यादीत संशोधनाला स्थान नाही. म्हणून येथे एमबीबीएसनंतरचे वर्ष बहुधा अभ्यासिकेत जाते. दुसरे एक वर्ष शासनच मागते : महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांनी एक वर्ष बंधपत्रित सेवा द्यायची. पुष्कळांना ते वर्ष वाया गेल्यासारखे वाटते.

११/ बिरवाडीलाही कोणी संशोधनाची रजा दिली नव्हती. ती साधी सरकारी नोकरी होती. तेथे प्रयोगशाळा नव्हती, मार्गदर्शक नव्हता. रुग्ण होते आणि त्यांची लक्षणे लिहून ठेवणारा माणूस होता.

१२/ उद्या शिरूर कासारची एखादी मुलगी एमबीबीएस होऊन अशाच एखाद्या आरोग्य केंद्रात रुजू होईल. तिथल्या नोंदींमुळे नीट-पीजीत तिला एक गुणही वाढवून मिळणार नाही. मात्र तिथला एखादा न सुटलेला प्रश्न वहीत उतरवून ती पुढच्या शिक्षणाला गेली, तर त्या वर्षाचा हिशेब गुणवत्ता यादीत नव्हे, रुग्णांच्या आयुष्यात मांडावा लागेल.