मरणोन्मुख पृथ्वीच्या अद्भुतकथा
मरणोन्मुख पृथ्वीच्या अद्भुतकथा : सूर्य विझत आलेला, मनुष्यजात थोडकी उरलेली आणि भोवतालच्या अंधारात अज्ञात शक्तींचा संचार, अशा अतिदूर भविष्यकाळातील भयाद्भुत कथांचा वर्ग.

सूर्याची उष्णता त्याच्या आकुंचनातून उत्पन्न होते, असे गृहीत धरून लॉर्ड केल्विन याने त्याचे आयुष्य काही कोटी वर्षांपुरतेच मर्यादित केले होते, आणि अणुकेंद्रीय ऊर्जेचा उलगडा १९३० नंतरच्या दशकाअखेरीपर्यंत व्हावयाचा असल्यामुळे सूर्याचे निर्वाण त्या पिढीस कविकल्पना नव्हे, तर गणिताचा निष्कर्ष वाटे. एच. जी. वेल्स याच्या ‘द टाइम मशीन’ (१८९५) या कादंबरीच्या उत्तरार्धातील निर्जन समुद्रतीर याच समजुतीवर उभे आहे.

या वर्गातील प्रमुख ग्रंथकार विल्यम होप हॉजसन (१८७७–१९१८). हा धर्मोपदेशकाचा पुत्र. कोवळ्या वयातच खलाशी झाला, आणि पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील ईप्र आघाडीवर तोफगोळ्याने मरण पावला. ‘द हाउस ऑन द बॉर्डरलँड’ (१९०८) मध्ये आयर्लंडातील एका ओसाड वास्तूच्या अवशेषांत सापडलेल्या हस्तलिखिताच्या मिषाने त्याने कालाचा वेग वाढवीत नेऊन सूर्याचा अंत दाखविला. ‘द नाइट लँड’ (१९१२) चा निवेदक जुन्या काळचा एक इंग्रज गृहस्थ असून, पत्नीच्या मृत्यूनंतर तो अतिदूर भविष्यात पुन्हा देह धारण करतो. सुमारे आठ मैल उंचीच्या ज्या धातूच्या पिरॅमिडात मानवाचा शेवटचा समुदाय भूगर्भातील प्रवाहशक्तीच्या बळावर तग धरून आहे, तेथून बाहेर पडून तो दुसऱ्या, दुर्बळ झालेल्या दुर्गातील आपल्या पुनर्जात प्रियेस आणावयास अंधारातून पायी निघतो. ग्रंथ सुमारे दोन लाख शब्दांचा, संवाद जवळजवळ नाहीत, आणि भाषा मुद्दाम जुनाट केलेली. एच. पी. लव्हक्राफ्ट याने कल्पनाशक्तीची मुक्तकंठाने वाखाणणी करूनही या कृत्रिम भाषेस व भाबड्या शृंगारास दोष दिला, तो अयथार्थ नाही. परंतु वाटचालीतील विश्रांती, खाणेपिणे आणि पहारे यांच्या कंटाळवाण्या पुनरुक्तीवाचून त्या अंधाराचा विस्तार वाचकाच्या मनावर ठसता ना. अमेरिकेतील स्वामित्वहक्क राखण्यासाठी त्याच वर्षी निघालेला, मूळच्या सुमारे एकदशांश आकाराचा संक्षेप म्हणूनच अभ्यासकापुरता उपयोगी.

क्लार्क ॲश्टन स्मिथ (१८९३–१९६१) याने १९३२ पासून ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात झोथीक या अखेरच्या भूखंडाच्या कथा लिहिल्या. भूतभविष्य खंडांची कल्पना त्याने थिऑसॉफीवरून घेतली होती. या पंथाच्या संस्थेचे ठाणे १८७९ ते १८८२ मुंबईत होते आणि ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक तेथेच निघाले. तिच्या युगकल्पनेत भारतीय अंश किती, याविषयी मतभेद आहेत.

या कथांची पुराणांतील प्रलयाशी तुलना करता भेद दिसतो : विष्णुपुराणात व महाभारताच्या वनपर्वात सात सूर्य तळपून जल शोषितात, अग्नी माजतो आणि मग मेघ वर्षतात. पाश्चात्त्य कथांत शेवट थंडीने व काळोखाने होतो आणि पुढे सृष्टी नाही. विद्यमान ज्योतिर्विज्ञानाप्रमाणे सूर्य सुमारे पाचशे कोटी वर्षांनी फुगून तांबडा राक्षसी तारा होणार असल्याने पृथ्वीपुरता कौल पुराणांच्या दाहाकडे झुकतो, ही गंमत नोंदण्याजोगी आहे.

स्मिथनंतरचा या वर्गातील ग्रंथ म्हणजे जॅक व्हान्स याचा ‘द डाइंग अर्थ’ (१९५०).

मराठीत नारायण धारप (१९२५–२००८) व रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांची भयकथा प्रामुख्याने घर, वाडा आणि कुटुंब यांच्या परिसरात वावरते. विझत्या सूर्याकडे ती क्वचितच वळते. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची मुदत असल्याने हॉजसनप्रमाणेच २०२२ पासून स्मिथच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कथाही भाषांतरास मोकळ्या आहेत.