पिएश्त्यानीत दिवे गेले तेव्हा

लेहला पोस्टिंग आली की थंडीत बर्फावरची हॉकी टळत नाही. करझूचं तळं गोठलं की अख्खं गाव काठावर येतं. हा खेळ लडाखमध्ये सत्तरच्या दशकात आला तोच मुळी फौजेच्या जवानांबरोबर, त्यामुळे आम्हा युनिफॉर्मवाल्यांना त्यावर बोलायचा थोडा हक्क आहे असं मी समजतो. खेळायचा नाही. आमची सातारा-कोल्हापूरकडची पोरं स्केट घालून पहिल्या दिवशी जी आपटली ती पाहून लडाखी उस्ताद तोंड फिरवून हसत होते.

त्यातल्याच एका हवालदारसाहेबांनी एका संध्याकाळी बुखारीजवळ बसून मला एका जुन्या मॅचची फिल्म दाखवली. तेव्हापासून मिळेल ते वाचत गेलो. आजचा लेख त्या मॅचचा, आणि ती पाहणाऱ्या लोकांचा.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी दोन वाक्यं. बर्फावर एका वेळी गोली धरून सहा जण असतात, बाकीचे कमरेएवढ्या भिंतीमागे बेंचवर, आणि मिनिटभरात दम संपतो म्हणून बदली सतत चालू. भांडण सुरू असताना भिंत ओलांडून बर्फावर उतरणं हा मोठा गुन्हा. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वीस वर्षांखालच्या मुलांची जागतिक स्पर्धा १९७७ पासून अधिकृतपणे होते, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. सुरुवातीला कॅनडाला तिचं काही पडलेलं नव्हतं. देशभरातून निवडलेला संघ पाठवायचा सोडून ते बहुतेक वेळा एखादा विजेता क्लबच पाठवायचे, आणि सोव्हिएत मुलं त्यांना धुऊन काढायची. १९८२ साली पहिल्यांदा नीट निवड करून संघ पाठवला. अमेरिकेतल्या रोचेस्टर गावी शेवटच्या मॅचमध्ये चेकोस्लोव्हाकियाशी ३-३ बरोबरी करून त्यांनी सुवर्णपदक घेतलं. राष्ट्रगीत वाजवायची वेळ आली तेव्हा आयोजकांकडे कॅनडाच्या राष्ट्रगीताची टेपच नव्हती. मुलं ओळीत उभी राहिली आणि स्वतःच गायली. आपल्याला १५ ऑगस्टच्या परेडची सवय, त्यामुळे बँड नसताना कोरड्या गळ्याने गायलेलं राष्ट्रगीत कसं अंगावर येतं ते सांगायला नको. कॅनडात या स्पर्धेवर जीव टाकायला तिथून सुरुवात झाली.

आता ४ जानेवारी १९८७, रविवार. जागा पिएश्त्यानी, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातलं, आता स्लोव्हाकियातलं, गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. लोक तिथे सांधे बरे करायला जातात. साखळीतली शेवटची मॅच, कॅनडा विरुद्ध सोव्हिएत संघ. कॅनडाचं पदक पक्कं होतं, फक्त कोणतं ते ठरायचं होतं. पाच गोलांच्या फरकाने जिंकले तर सोनं. सोव्हिएत संघ पदकाच्या बाहेर गेलेला. म्हणजे एका बाजूला सगळं पणाला आणि दुसऱ्या बाजूला गमवायला काहीच नाही. अशी जोडी समोरासमोर असली की बंदोबस्त वाढवायचा, हे कुठल्याही गावच्या जत्रेत ड्यूटी केलेला शिपाई सांगेल. इथे पंच म्हणून दिला होता नॉर्वेचा हान्स रोन्निंग. युरोपातला, तटस्थ देशाचा, पण एवढी मोठी मॅच हाताळायचा अनुभव नसलेला.

पहिला गोल थिओ फ्लरीने केला. साडेपाच फुटांच्या आसपास उंचीचा हा पोरगा गोल झाल्यावर बर्फावर घसरत गेला आणि हातातली स्टिक मशीनगनसारखी धरून सोव्हिएत बेंचकडे रोखली. तेव्हाचं शीतयुद्ध लक्षात घ्या. मला ते दृश्य आवडलं नाही. बंदूक खेळण्यातली असली तरी माणसावर रोखायची नाही, हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

दुसऱ्या सत्रात कॅनडा ४-२ ने पुढे असताना पाव्हेल कोस्तिच्किनने फ्लरीला स्टिक हाणली. दोघे जुंपले, मग आजूबाजूचे जुंपले. तेवढ्यावर थांबलं असतं तर ही मॅच आज कोणाच्या लक्षात नसती. पण सोव्हिएत बेंचवरून येवगेनी दाविदोव्हने भिंत ओलांडली, त्याच्यामागे त्याचा सगळा संघ, आणि ते पाहून कॅनडाचा. चाळीसेक पोरं ठोसे मारत सुटली. व्लादिमिर कॉन्स्तान्तिनोव्हने डोकं आपटून ग्रेग हॉगुडचं नाक फोडलं. रोन्निंग आणि त्याचे लाइनवाले बर्फ सोडून निघून गेले. शेवटी स्टेडियमचे दिवे बंद केले. अंधारातही मारामारी चालूच, आणि स्टँडमधून शिट्ट्यांचा गजर. तिकडे शिट्टी म्हणजे निषेध. सगळं मिळून वीसेक मिनिटं हा प्रकार चालला.

कॅनडाचे दोघे यातून बाहेर राहिले. गोली जिमी वेट बाजूला सरकला. मॅच पुन्हा सुरू झाली तर गोलपोस्टमध्ये कोणीतरी हवा, हा हिशेब. दुसरा क्युबेकचा पिएर टर्जन, वय सतरा. तो बेंचवरून उठलाच नाही.

आंतरराष्ट्रीय संघटनेची तातडीची बैठक बसली. दोन्ही संघांना स्पर्धेतून काढायचं, ७ विरुद्ध १ मतांनी ठरलं. विरोधातलं एकटं मत कॅनडाच्या प्रतिनिधीचं. सुवर्ण फिनलंडला, त्यांचं या स्पर्धेतलं पहिलंच. रौप्य चेकोस्लोव्हाकियाला, कांस्य स्वीडनला. खेळाडूंवर अठरा महिने बंदी, ती पुढे कमी झाली. प्रशिक्षकांवर तीन वर्षं. कॅनडाच्या मुलांना सशस्त्र पहाऱ्यात देशाबाहेर काढलं.

आणि घरी? कॅनडात ही मॅच टीव्हीवर थेट चालू होती. रविवारचा दिवस, लोक घरात. टोरांटोच्या स्टुडिओत निवेदक ब्रायन विल्यम्स म्हणत होता की ही देशाची लाज आहे. त्याच्या शेजारी बसलेला डॉन चेरी मुलांची बाजू घेऊन तावातावाने भांडत होता. त्या दोघांचा वाद तसाच्या तसा घराघरांत आणि दारूच्या गुत्त्यांवर गेला. फार मोठ्या संख्येने लोक चेरीच्या बाजूने गेले. रशियनांनी मुद्दाम डाव टाकला, आपण बुडालोच आहोत तर यांचंही पदक घालवू, ही गोष्ट चाहत्यांमध्ये अशी पसरली की आजही ऐकू येते. टोरांटोच्या क्लबचा मालक हॅरॉल्ड बॅलर्ड याने तर मुलांसाठी सोन्याची पदकं बनवून घेतली. जे मैदानावर मिळालं नाही ते सोनाराकडून.

लोकांना राग कोणाचा आला हेही बघण्यासारखं आहे. पंच, रशियन आणि आंतरराष्ट्रीय संघटना यांचा आला, ते समजू शकतं. पण चौथं नाव टर्जनचं होतं. बरोबरचे मार खात असताना हा बसून राहिला, असं सहकारी बोलले आणि चाहत्यांनी ते उचललं.

इथे मला थोडं थांबायचंय. बडी मार खात असताना मागे राहणाऱ्या माणसाबद्दल पलटणीत काय बोललं जातं, मला ठाऊक आहे. त्या रागाला मी खोटं म्हणणार नाही. मी स्वतः त्या वयात बेंचवर असतो तर बहुतेक भिंतीपलीकडे असतो. पण मी रंगरूटांची दोन बॅचेस घडवली आहेत, आणि त्यातून एक गोष्ट सांगतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना सुटायला कारण लागत नाही, एक जण सुटला की पुरे. बसून राहायला ताकद लागते. आणि ती मुलं दाखवत नसतील तेव्हा दाखवायची जबाबदारी वरच्यांची. त्या दिवशी एकाही बेंचवरच्या प्रशिक्षकाला आपली माणसं जागेवर ठेवता आली नाहीत. चौकशी माझ्याकडे असती तर फाईल तिथून उघडली असती, सतरा वर्षांच्या टर्जनपासून नाही.

प्रेक्षकांनी मात्र निकाल देऊन टाकला होता, आणि तो निकाल स्पर्धेला पचला. पुढच्याच वर्षी स्पर्धा होती मॉस्कोत. फ्लरी कप्तान, वेट गोली. यजमानांना ३-२ ने हरवून कॅनडाने सुवर्ण नेलं. नव्वदच्या दशकात एका क्रीडा वाहिनीने ही स्पर्धा हातात घेतली आणि नाताळातली ती घरगुती रीतच झाली, आपल्याकडे दिवाळीत फराळासोबत क्रिकेट चालतं तशी. १९९१ ला सास्काटूनमध्ये जॉन स्लेनीने शेवटच्या काही मिनिटांत सोव्हिएत संघावर गोल केला, पुन्हा ३-२. मजा म्हणजे पुढच्या वर्षीची स्पर्धा चालू असतानाच सोव्हिएत संघ नावाचा देश संपला. मुलं एका नावाने सुरुवात करून दुसऱ्या नावाने सुवर्ण घेऊन घरी गेली. इतकी वर्षं ज्याच्यावर दात खायचे तो शत्रू असा अर्ध्या स्पर्धेत गायब.

जीव लावणारे वाढले तसं पोरांच्या खांद्यावरचं ओझंही वाढलं. २०११ ला बफेलोत अंतिम सामना, गाव अमेरिकेतलं पण सीमेलगत, त्यामुळे स्टँड कॅनडाच्या लाल रंगाने भरलेला. दोन सत्रांनंतर कॅनडा ३-० ने पुढे. तिसऱ्यात रशियाने पाच गोल केले. ती फिल्म मी आवाज बंद करून पाहिली, तरी स्टँड गप्प होत गेलेला कळतो.

२०१९ ला वाईट झालं. व्हँकुव्हर, घरचं मैदान, उपांत्यपूर्व फेरी, समोर फिनलंड. जादा वेळेत कॅनडाला पेनल्टी शॉट मिळाला आणि कप्तान माक्सिम कोम्तुआने तो घेतला. फिनलंडच्या गोलीने अडवला. थोड्या वेळाने फिनलंडने गोल केला, २-१, कॅनडा बाहेर. त्या रात्री कोम्तुआच्या मोबाईलवर शिव्यांचा पाऊस पडला, त्याच्या फ्रेंच असण्यावरूनही. विसावं पूर्ण व्हायला त्याला सहा दिवस होते. नंतर कळलं की त्याचा खांदा निखळलेला होता आणि तो तसाच खेळत होता. १९८७ ला लोकांना शिवी द्यायला पत्र लिहून तिकीट तरी लावावं लागायचं.

पिएश्त्यानीच्या त्या पोरांचं पुढे काय झालं, ते पाहून मला गंमत वाटते. नाक फोडणारा कॉन्स्तान्तिनोव्ह, त्याचा साथीदार सर्गेई फ्योदोरोव्ह आणि समोरून ठोसे मारणारा कॅनडाचा ब्रेंडन शॅनहन, तिघे १९९७ ला डेट्रॉइटच्या एकाच संघात होते आणि तिघांनी मिळून स्टॅन्ली कप उचलला. त्याच सोव्हिएत संघातला, फौजेच्या क्लबचा अलेक्झांडर मोगिल्नी १९८९ ला पळून बफेलोला आला. तिथे त्याच्या नव्या संघात टर्जन आधीपासून होता. १९८७ च्या निवडीत सगळ्यात पहिला उचललेला खेळाडू तोच.

टर्जनने त्या लीगमध्ये ५१५ गोल केले. १९९३ च्या वसंतात तो गोलचा आनंद साजरा करत असताना डेल हंटरने मागून येऊन त्याला आदळलं आणि खांदा निकामी केला. हंटरला २१ सामन्यांची बंदी झाली. त्याच मोसमात सभ्य खेळासाठी दिली जाणारी लेडी बिंग ट्रॉफी टर्जनला मिळाली. हॉल ऑफ फेममध्ये मात्र त्याला २०२३ पर्यंत थांबावं लागलं. निवृत्तीनंतर सोळा वर्षं.