काळ्या स्क्रीनचा इतिहास: अपडेटनंतर ग्राफिक्स का कोसळते?

#थ्रेड #इतिहास #संगणक

१/ अपडेट पूर्ण होते. पंखे फिरू लागतात, मदरबोर्डवरचे दिवे लागतात, कीबोर्डही उजळतो. स्क्रीन मात्र काळीच राहते. स्वतः सुटे भाग निवडून संगणक जुळवणाऱ्या बहुतेकांनी हा क्षण एकदा तरी अनुभवलेला असतो. मग आपण सेफ मोड शोधतो, जुना ड्रायव्हर परत आणतो, अपडेट काढून टाकतो. मित्रहो, या प्रत्येक उपायाला एक जन्मवर्ष आहे. आज तो इतिहास क्रमाने पाहू.

२/ आरंभ १२ ऑगस्ट १९८१ रोजी होतो. या दिवशी आयबीएमने आपला ‘पीसी’ बाजारात आणला. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या नेतृत्वाखालील चमूने तो जेमतेम वर्षभरात तयार केला होता. वेळ वाचवण्यासाठी त्यांनी प्रोसेसर इंटेलचा घेतला आणि ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. विस्तारासाठी खाचा ठेवल्या व तांत्रिक माहितीही छापून प्रसिद्ध केली. कोणीही कार्ड बनवावे, कोणीही ते बसवावे, अशी ही रचना होती.

३/ आपल्या प्रश्नाचे मूळ या मोकळेपणातच आहे. पहिल्या पीसीसाठीच डिस्प्ले कार्डाचे दोन पर्याय होते: एक केवळ एकरंगी अक्षरांसाठी, दुसरे रंगीत चित्रांसाठी. म्हणजे ‘माझ्या यंत्रात जे आहे ते तुझ्या यंत्रात नाही’ ही अवस्था पहिल्या दिवसापासून होती. पुढे कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी आयबीएमशी सुसंगत यंत्रे काढली आणि ही विविधता झपाट्याने वाढली.

४/ डॉसच्या काळात प्रत्येक प्रोग्रॅम आपापले डिस्प्ले ड्रायव्हर सोबत बाळगत असे. वर्ड प्रोसेसर चालला तरी आलेख काढणारा प्रोग्रॅम चालेलच, याची शाश्वती नसे. विंडोजने ही पद्धत मोडली. कार्डासाठी एकच ड्रायव्हर, आणि सर्व प्रोग्रॅम त्याच्याच आधारे चालणार! सोय मोठी झाली. पण तो एक ड्रायव्हर बिघडला की सगळेच अडणार, हेही त्याच वेळी निश्चित झाले.

५/ २४ ऑगस्ट १९९५. विंडोज ९५ ‘प्लग अँड प्ले’चा गाजावाजा करत आली. कार्ड बसवा, संगणक ते आपोआप ओळखेल, असे आश्वासन होते. त्याच विंडोजमध्ये सेफ मोडही होता. किमान ड्रायव्हर आणि साधे चित्र घेऊन संगणक सुरू करण्याची ही वाट. आश्वासन आणि आश्वासन फसल्यास सुटकेचा दरवाजा, दोन्ही एकाच खोक्यातून आले होते!

६/ पुढच्याच वर्षी एक दूरगामी निर्णय झाला. विंडोज एनटीच्या आरंभीच्या आवृत्त्यांत ग्राफिक्सचा बराचसा भाग ‘कर्नल’बाहेर होता. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा; तेथील चूक संपूर्ण यंत्राला भोवते. १९९६ च्या एनटी ४.० मध्ये वेग वाढवण्यासाठी ग्राफिक्स आणि त्याचे ड्रायव्हर गाभ्यात हलवले गेले. वेग मिळाला. मात्र त्यानंतर कार्ड बनवणाऱ्या कंपनीची एक चूक अख्खा संगणक निळ्या स्क्रीनवर आणून सोडू शकत होती.

७/ त्यानंतरची वर्षे डागडुजीची. २००० साली विंडोज मी या आवृत्तीबरोबर ‘सिस्टिम रिस्टोअर’ आले: यंत्राची कालची स्थिती परत आणण्याची सोय. २००१ साली एक्सपीबरोबर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आले: नव्याने गोंधळ घातला तर जुन्याला परत बोलावण्याची सोय. ‘नवे ते चांगलेच असेल’ हे गृहीतक नेहमी टिकत नाही, याची ही निर्मात्यांनीच दिलेली कबुली होती.

८/ आता या कथेतील सर्वांत मोठी पडझड. ३० जानेवारी २००७ रोजी विंडोज व्हिस्टा सर्वसामान्य ग्राहकांसाठी खुली झाली. तिच्यात ग्राफिक्स ड्रायव्हरची रचनाच नवी होती. मोठा भाग कर्नलबाहेर काढला, लहान भाग आत ठेवला. कार्डाने २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर सारे यंत्र बंद पाडण्याऐवजी फक्त कार्ड नव्याने सुरू करायचे, अशीही व्यवस्था केली. अकरा वर्षांपूर्वीच्या निर्णयाची ही अंशतः दुरुस्तीच म्हणावी लागेल.

९/ कल्पना उत्तम होती. अडचण एवढीच की या रचनेसाठी कार्ड कंपन्यांना आपले ड्रायव्हर मोठ्या प्रमाणावर नव्याने लिहावे लागले आणि व्हिस्टा आली तेव्हा ते पिकलेले नव्हते. महागडे कार्ड घेऊन स्वतः यंत्र जुळवणाऱ्या हौशी मंडळींना याची झळ विशेष बसली.

१०/ याचा पुरावा अनपेक्षित ठिकाणी सापडतो, तो म्हणजे न्यायालयात. ‘व्हिस्टा केपेबल’ या स्टिकरवरून अमेरिकेतील ग्राहकांनी मायक्रोसॉफ्टवर सिअ‍ॅटलच्या न्यायालयात दावा लावला. २००८ साली कंपनीचे अंतर्गत ईमेल उघड झाले. त्यांतील एका नोंदीनुसार, २००७ मधील एका कालावधीत नोंदल्या गेलेल्या व्हिस्टाच्या क्रॅशपैकी २८.८ टक्के एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरकडे, १७.९ टक्के खुद्द मायक्रोसॉफ्टकडे आणि ९.३ टक्के एटीआयकडे बोट दाखवत होते.

११/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. या आकड्यांवरून ‘एन्व्हिडियाचे कार्ड तिप्पट वाईट’ असा निष्कर्ष निघतो का? नाही. ज्याची कार्डे अधिक घरांत, त्याच्या नावावर क्रॅशही अधिक. शिवाय ही कंपनी तेव्हा मदरबोर्डचे चिपसेटही बनवत असे. त्यामुळे यातील प्रत्येक क्रॅश ग्राफिक्स कार्डाचाच होता, असे धरता येत नाही. साधन अस्सल असले तरी ते कशाचे मोजमाप करते, हे आधी विचारावे लागते.

१२/ दुसरा एक लोकप्रिय समज: ‘व्हिस्टा वाईट, सेव्हन चांगली.’ ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ ची ग्राफिक्स रचना व्हिस्टाच्याच पायावर उभी होती. दरम्यानच्या पावणेतीन वर्षांत ड्रायव्हर सुधारले, कार्डेही नवी आली. पाया घालणाऱ्याच्या वाट्याला शिव्या आल्या आणि त्यावर मजला चढवणाऱ्याला शाबासकी मिळाली. राजकीय इतिहासात असे प्रसंग आपण पुष्कळ वाचतो. संगणकाचा इतिहासही त्याला अपवाद नाही.

१३/ २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आली आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले. आता अपडेट आपोआप येऊ लागले. होम आवृत्तीत त्यांना सरळ नकार देण्याची सोय नव्हती. वापरकर्त्याने कार्ड कंपनीकडून घेतलेला ड्रायव्हर आणि विंडोज अपडेटने परस्पर बसवलेला ड्रायव्हर यांच्यात खटके उडाले. अखेर नको असलेले अपडेट लपवणारे एक छोटे साधन मायक्रोसॉफ्टला द्यावे लागले. यंत्र जुळवले मी, त्यात काय बसेल ते ठरवणार कोण? तांत्रिक वादाच्या तळाशी अधिकाराचा हा प्रश्न होता.

१४/ लिनक्सच्या जगात हाच वाद वेगळ्या रूपाने पेटला. तेथे कर्नलची अंतर्गत रचना बदलती राहते, म्हणून कर्नलबाहेर राहणारे ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा घडवावे लागतात. ते राहून गेले की अपडेटनंतर काळी स्क्रीन ठरलेली! २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स यांनी असहकाराबद्दल एन्व्हिडियावर जाहीर संताप व्यक्त केला. मे २०२२ मध्ये त्याच कंपनीने आपल्या लिनक्स ड्रायव्हरच्या कर्नल भागाचा सोर्स कोड खुला केला. मधे दहा वर्षे गेली.

१५/ मग असेंबल्ड पीसीलाच हा त्रास अधिक का? तयार लॅपटॉपची कंपनी ठरावीक भागांचा एकच संच तपासते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका दुकानातून मदरबोर्ड, दुसऱ्यातून कार्ड, तिसऱ्यातून पॉवर सप्लाय घेऊन जुळवलेला संच नेमका तसाच कोणी तपासलेला असेल, याची खात्री नसते. त्याची पहिली चाचणी अनेकदा आपल्या टेबलावरच होते. स्वस्ताई आणि निवडीचे स्वातंत्र्य यांची ही किंमत आहे.

१६/ आता इतिहास हाताशी धरून स्क्रीन उजळवू.
• आधी केबल पाहा. ती मदरबोर्डच्या नव्हे, कार्डाच्या पोर्टमध्ये हवी.
• विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकत्र दाबा. ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.
• जमले नाही तर सेफ मोड (१९९५). विंडोज १० किंवा ११ सुरू होताना लागोपाठ दोन-तीनदा अडवली की दुरुस्तीचे पर्याय समोर येतात.
• तेथे डिव्हाइस मॅनेजरमधून रोल बॅक ड्रायव्हर (२००१). ते बटण निष्क्रिय असेल, तर ड्रायव्हर काढून टाका आणि कार्ड कंपनीच्या संकेतस्थळावरचा बसवा.
• तरीही नाही, तर सिस्टिम रिस्टोअर (२०००) किंवा अपडेट काढणे. मोठ्या अपडेटमधून मागे फिरण्यासाठी साधारणतः १० दिवसांचीच मुदत असते.
एका वेळी एकच बदल करा. दोन केले, तर दोष कशाचा होता हे कधीच कळणार नाही.

१७/ काळी स्क्रीन दिसली की ‘कार्ड जळाले’ असे समजून नवे कार्ड घ्यायला धावणारे अनेक असतात. अपडेटच्या आदल्या दिवशी जे कार्ड नीट चालत होते, त्याच्यावर संशय घेण्याआधी काल काय बदलले ते पाहावे. घटनांचा क्रम लावणे हे इतिहासकाराचे पहिले काम. पीसी दुरुस्त करणाऱ्याचेही तेच. कित्येकदा त्या सवयीने हजारो रुपये वाचतात.

१८/ १९८१ मध्ये उघडलेला दरवाजा अजून उघडा आहे. त्यातून स्वातंत्र्य येते, आणि त्याच्या पाठोपाठ जबाबदारीही. पुढच्या अपडेटपूर्वी एक रिस्टोअर पॉइंट करून ठेवा आणि सध्या नीट चालणारा ड्रायव्हर जपून ठेवा. आपल्या यंत्राने कोणत्या अपडेटनंतर दगा दिला आणि ते कसे सावरले, हे खाली जरूर लिहा. अशा नोंदी हीच उद्याच्या इतिहासाची साधने!

(समाप्त)