खांब, अढी आणि गुडघा

ब्राझिलियन जुजुत्सूत उताणा पडलेला गडी हरलेला नसतो. तो वरच्याच्या कमरेला दोन्ही पायांचा विळखा घालतो आणि तिथूनच लढतो. या पवित्र्याला गार्ड म्हणतात. वरच्याने तेव्हा गुडघ्यांवर बैठक जमवायची. पंजे रोवलेले, गुडघे फाकलेले, बूड टाचांवर, कोपरे आत, पाठ ताठ. मग एक गुडघा खालच्याच्या माकडहाडाशी सरकवायचा, दुसरा पाय मागे रेटायचा आणि धड न वाकवता मागे झुकायचे. घोट्यांची अढी सुटते ती या रेट्याने. पाठीला जरा पोक आला की खालचा मान धरून ओढतो आणि सारे मुसळ केरात.

हे पाहताना माझ्या डोळ्यांपुढे मल्लखांब आला. एरंडेल चोपडलेल्या सागवानी खांबाला मांड्यांनी घातलेली अढी आडवी करून पाहा, गार्ड तयार! आणि गुडघ्यांवर बसलेला गडी तिथे खांबाचे काम करतो.

या जुजुत्सूची रूढ वंशावळ सर्वांना ठाऊक आहे. १८८२मध्ये जिगोरो कानोंची कोडोकान ही जुदोची शाळा, १९१४मध्ये मित्सुयो माएदांचे ब्राझीलला जाणे, पुढे ग्रेसी घराणे. तिच्या मागे आणखी एक कथा जोडतात की भारतातल्या बौद्ध भिक्षूंनी ही विद्या चीनमार्गे जपानला नेली. आपल्याला सुखावणारी म्हणून ती मी मानणार नाही. तिच्यात भिक्षू आहेत, पण एकही डाव नाही. गुडघ्याच्या बैठकीवर जपानचा हक्क त्याहून भक्कम आहे. तिथे घरात माणसे गुडघ्यांवरच बसत, म्हणून बसल्या जागी लढण्याचे इदोरी नावाचे डाव घडले. कानोंच्या किमे-नो-काता या डावमालिकेत असे आठ डाव आहेत. बैठक जपानची, हे मला मान्य.

पण पायांच्या विळख्याचा सराव? त्यासाठी लांब जायला नको. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. या ग्रंथातल्या मल्लविनोदात मल्लांचे खाणेपिणे आहे, दर्जे आहेत आणि श्रमांचे प्रकारही आहेत. वाळूचे ओझे उचलणे, चालणे, पोहणे आणि त्यांतच स्तंभश्रम, म्हणजे खांबावरची मेहनत. मल्लखांबाचा उगम दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांपाशी मानणारे आहेत. देवधरांनी त्याला नवा जन्म दिला हे खरेच, पण त्याच्या जवळजवळ सातशे वर्षे आधी दख्खनचा मल्ल खांबाला भिडत होता. न डगमगणाऱ्या शरीराला मांडीने जखडण्याची ही तालीम, असे माझे ठाम मत आहे.

मग गार्ड आपल्याकडे का उपजला नाही? कारण लाल मातीत पाठ टेकली की चितपट. खाली सापडलेला पैलवान पोटावर वळतो आणि हात-गुडघे रोवून बसतो. भक्कम गुडघा आपल्याकडे खालच्याची ढाल झाला, ब्राझीलमध्ये वरच्याचे हत्यार. नियम उलटला आणि तोच गुडघा वर गेला.

गुडघा खालच्याची ढाल होतो याचा सज्जड पुरावा लंडनचा आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी गामा पैलवानापुढे पोलंडचा झिबिस्को हात-गुडघ्यांवर बसला आणि अडीच तासांहून जास्त वेळ गामाला तो उलथवता आला नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. ठरल्या दिवशी झिबिस्को पुन्हा आलाच नाही, म्हणून विजय गामाकडे गेला. १९२८मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामाने त्याला बैठक घ्यायला उसंतच दिली नाही. मिनिटाच्या आत झिबिस्को अस्मान बघत होता.